मुद्देमाल

पंचनाम्यात असं आहे:
गाढव, एक. मादी. रंग राखी.
उजव्या कानाला जुनी चीर.
पाठीवर भाजक्या विटा, अडतीस.
विटा मीच मोजल्या
जांबोटी रस्त्याच्या वळणावर,
हवालदार हणबर घाम पुसत उभे
आणि काजूच्या वखारीतला वजनकाटा
टेम्पोतून उतरवून आणलेला.

एकशे चौदा किलो.
नियम म्हणतो, गाढवाला पन्नास.
नियम म्हणतो, पारा सदतिसाच्या वर गेला
तर बारा ते तीन जनावर राबवू नये.
दवाखान्याच्या भिंतीवरचा पारा बघूनच निघाले होते मी: अडतीस.
वेळ, एक वाजून दहा मिनिटं.
इतका नीटनेटका गुन्हा
चौदा वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

सातव्वानं पदर पुढं ओढला, म्हणाली,
"बाई, काट्यावर मलाबी उभी करा की.
माझ्या डोसक्यावर किती, त्येबी लिवा."
तिच्या डोक्यावर सोळा विटा.
मोजल्या. लिहिल्या नाहीत.
रकानाच नव्हता.
भट्टीमालकाचं नावही नव्हतं कुठं,
गाढव त्याचं नव्हतं ना,
फक्त विटा त्याच्या.

ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून
कोर्टानं मुद्देमाल माझ्या ताब्यात दिला.
दवाखान्यामागं, चिंचेखाली बांधला.
पाठीवरची जखम धुताना
ती अंग चोरायची नाही.
चोरायला कुणी सवडच दिली नसेल.
मी तिच्याशी मराठीत बोलायची,
शिपाई मल्लेशी कानडीत,
कोर्टाचा कागद कधी कानडीत, कधी इंग्रजीत.
तिनं कान वळवला तो एकाच गोष्टीला:
सांजेला भट्टीवरून परतताना
कुंपणापलीकडून सातव्वा टाळूवर जीभ वाजवायची,
टक्.
पुन्हा एकदा, टक्.
आणि थांबायची नाही, चालू लागायची.

नवव्या रात्री मुद्देमाल व्याला.
ओलं, कानांनीच भरलेलं,
स्वतःच्या पायांत अडकून पडणारं शिंगरू.
मल्लेशीनं बॅटरी धरली. मी गोणपाटानं पुसलं.
माझ्या तपासणी अहवालात
"गाभण" हा शब्द नव्हता.
घाईत पाठ बघितली होती, पोट नाही.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी कोर्टात फोन लावला:
मुद्देमाल दोन झालाय.
कारकून पुजेरी बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "जप्ती एकाची आहे, मॅडम.
दुसरं गुन्ह्याच्या वेळी कुठं होतं?"

तिथंच होतं, म्हटलं.
एकशे चौदा किलोंच्या खाली.

तिसऱ्या तारखेला सातव्वानं गुन्हा कबूल केला.
दंड, पन्नास रुपये.
कायदा सन साठचा, रुपयेही सन साठचेच राहिलेत.
तिनं कनवटीची गाठ सोडली, शंभराची नोट काढली.
सुटे कुणाकडंच नव्हते.
हणबर चहाच्या टपरीवर जाऊन मोडून आले
आणि तेवढा वेळ
आरोपी, साक्षीदार आणि सरकार
एकाच बाकावर बसून राहिलो.

"आता वझं घालायचं का न्हाई?"
घालायचं, पन्नास किलोपर्यंत.
"म्हंजे इटा किती?"
सोळा.
ती माझ्याकडं बघत राहिली.
"माझ्यायवढ्याच की," म्हणाली.
त्यात राग होता की हसू,
मला अजून कळलेलं नाही.

फाटकाबाहेर आई चालू लागली तसं
शिंगरूही निघालं, रस्त्याच्या मधोमध,
बेळगावच्या बसला थांबवत.
ड्रायव्हरनं कानडीत शिवी दिली, मागच्या कुणीतरी मराठीत.
त्याची नोंद कुठंच नाही,
ना जप्तीत, ना निकालात, ना माझ्या रजिस्टरात.
मल्लेशीनं त्याच्या पाठीवरून
उगाचच हात फिरवला
आणि हात बघितला.
हाताला काहीच लागलं नव्हतं.